कापडाच्या शिक्षणातली माया

शिवणकामात ‘माया’ नावाचा एक शब्द आहे. टीप जिथून जाणार तिच्या बाहेर शिंपी जे बोटभर कापड राखून ठेवतो, ती माया. झगा वाढत्या अंगाच्या मुलीचा असला की ती जरा सढळ हाताने सोडतात. वर्षभराने टीप उसवून पुन्हा मारली की तोच झगा अंगाला येतो. तयार कपड्यांच्या कारखान्यात मात्र माया म्हणजे निव्वळ खर्च. लाखभर शर्टांमागे प्रत्येकी बोटभर कापड वाचले तर त्याचे पैसे होतात, म्हणून तिथे ती मिलिमीटर मोजून ठेवलेली असते. कपडा नेमका मापात बसतो, पण अंग बदलले की तो टाकूनच द्यावा लागतो. वस्त्र आणि परिधान या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा विचार करताना हा शब्द फार उपयोगी पडतो. हे शिक्षण कोणाच्या मापाने बेतायचे आणि त्यात माया किती सोडायची, याच प्रश्नाशी त्याबद्दलचा प्रत्येक वाद येऊन थांबतो. माझे म्हणणे असे की सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात कापडाचा अभ्यास टिकायला हवा, तो या मायेसाठीच. कापसाच्या तंतूपासून अंगावरच्या कपड्यापर्यंतचे ज्ञान एका ठिकाणी आणण्याची, आणि ज्या प्रश्नांतून आज कोणालाच नफा नाही ते प्रश्न विचारत राहण्याची सवड तिथेच मिळू शकते.

शिवणक्लासला पदवी कशाला, ही शंका या विषयाच्या वाट्याला नेहमीच येते. ती दूर करायची तर पहिल्या वर्षी काय शिकवतात ते पाहावे. सुरुवात तंतूपासून होते. पूर्ण कोरडा केलेला १०० ग्रॅम कापूस प्रमाणित हवेत ठेवला, तर तो सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी ओढून घेतो. लोकर सोळा ग्रॅमच्या आसपास घेते आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात सुती सदरा सुखाचा का वाटतो आणि पॉलिएस्टरचा अंगाला का चिकटतो, याचे निम्मे उत्तर या तीन आकड्यांत आहे. व्यापाराच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहेत, कारण कापूस आणि सूत वजनावर विकले जाते आणि ओलावा वाढला की गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजते. म्हणून चाचणी कोणत्या हवेत करायची हे ठरवून घ्यावे लागते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के धरतात. तापमान युरोपातल्या प्रयोगशाळांत २० अंश सेल्सिअस, तर भारतीय मानकात २७ अंश. आपल्या हवेत २० अंशांची खोली राखणे महागात पडते आणि तिचा आपल्या जगण्याशी संबंधही थोडाच, एवढा साधा विचार या सात अंशांच्या फरकामागे आहे.

त्यानंतर सूत येते. चाळीस नंबरचे सूत म्हणजे काय, हे मागावर काम करणाऱ्याला तोंडपाठ असते, पण त्यामागचा हिशेब उलटा आहे. ८४० वारांची एक लड धरायची आणि एका पौंडात अशा किती लडी बसतात ते मोजायचे. चाळीस नंबरचे सूत पौंडाला ३३,६०० वार भरते. ऐंशी नंबरचे त्याच्या दुप्पट लांब, म्हणून तितकेच बारीक. कृत्रिम धाग्यांना डेनिअर लावतात, तिथे ९,००० मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये घेतात, म्हणजे आकडा वाढला की धागा जाड. पुढे ताणा आणि बाणा, त्यांची वीण, खळ, पन्हा, विरंजन, रंगकाम, मग बेतणे आणि शिवणे, आणि शेवटी ते अंगावर घालणारा माणूस. यातल्या एकेका टप्प्यामागे एकेक शास्त्र उभे आहे. तंतूला भौतिकशास्त्र लागते, रंगाला रसायनशास्त्र, मागाला यंत्रशास्त्र, बेतण्याला भूमिती आणि शरीररचना, आणि कोण काय का नेसतो हे समजण्यासाठी इतिहास आणि समाजशास्त्र.

ही शास्त्रे वेगवेगळी शिकून का भागत नाही, हे एका साध्या टी-शर्टवरून कळते. दोन-चार धुण्यांनंतर त्याची बाजूची शिवण फिरत फिरत पोटावर येते, हे अनेकांनी पाहिले असेल. दोष शिवणाऱ्याला दिला जातो. पण हे होजिअरीचे कापड, म्हणजे एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून केलेले. सूत कातताना त्याला पीळ दिलेला असतो आणि तो उलगडायची धडपड धागा सतत करत असतो. पाण्यात फासे सैल झाले की त्याला संधी मिळते, प्रत्येक फासा किंचित कलतो, आणि हजारो फाशांचा कल मिळून सगळे कापड तिरपे होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते. दोष दिसतो शिवणीत, जन्मलेला असतो सूतगिरणीत, आणि त्यावर इलाज करता येतो विणताना किंवा अखेरच्या संस्करणात. फक्त शिवण शिकलेला माणूस तो शोधू शकणार नाही आणि फक्त कताई शिकलेल्या माणसाच्या नजरेला तो पडणारच नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, त्याचेही असेच आहे. मागावर आणि पुढच्या संस्करणात ताणून ठेवलेले धागे पाण्यात फुगतात आणि आपल्या मूळ लांबीकडे परततात. सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकी संशोधकाने १९३० च्या सुमारास कापड विकण्याआधीच यंत्राने आकसवून घेण्याची युक्ती काढली, आणि ‘सॅनफोराइझ्ड’ हा शिक्का पुढे शर्टाच्या कापडावर हमीसारखा मिरवला.

तरीही आपल्याकडे हे ज्ञान तुकड्यातुकड्यांनीच रुजले, आणि त्याला इतिहास आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. गिरण्या वाढल्या तशी यंत्रावर देखरेख करणाऱ्या जाणत्या माणसांची गरज भासू लागली. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपले व्हीजेटीआय, उभे राहिले आणि कापडनिर्मिती हा त्याच्या सुरुवातीच्या विषयांपैकी एक होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्याचे सूत्रधार रसायनशास्त्राचे अध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे तंत्रशिक्षण देशी भाषांतून देण्याचे पुरस्कर्ते होते, आणि रंगकाम व विणकाम हे तिथले महत्त्वाचे विषय. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, त्यातही वस्त्ररसायन पहिल्यापासून होते. तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगरसायनांचे जगन्मान्य अभ्यासक. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही ते पहिले भारतीय संचालक झाले. या सगळ्या संस्थांनी फार मोठे काम केले, पण बहुतेकांचे माप गिरणीने घेतलेले होते. गिरणीला जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, वर बसणारा तंत्रज्ञ हवा होता, रंगखात्याला रसायनज्ञ हवा होता. कपडा घालणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे काही मागितले नव्हते.

कपडा घालणाऱ्या माणसाचा विचार विद्यापीठात आला तो दुसऱ्या दाराने, गृहविज्ञानाच्या. इथे एक विलक्षण योगायोग आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, आणि १९२० मध्ये त्याला पंधरा लाखांची देणगी मिळाली ती मुंबईतले गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांची. त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसींचे, नाव विद्यापीठाला लागले. गिरणीच्या पैशातून स्त्रियांचे विद्यापीठ सावरले, आणि आज त्याच विद्यापीठाच्या जुहूच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, जे सर विठ्ठलदासांच्याच नावाने ओळखले जाते, वस्त्रविज्ञान आणि परिधान-रचना शिकवली जाते. बडोद्यात १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र शाखेत विलीन झाले. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात तिथे गृहविज्ञानाची शाखाही सुरू झाली आणि तिच्यात कपडे व वस्त्रे हा वेगळा विभाग आला. परिणाम असा की एकाच विद्यापीठात कापड दोन घरांत वाटले गेले. एका घरात यंत्र आणि रसायन, दुसऱ्यात कपडा आणि कुटुंब. पहिल्या घरात बहुतेक मुलगे, दुसऱ्यात जवळजवळ सगळ्या मुली. ही वाटणी ज्ञानाच्या स्वभावातून आलेली नव्हती, ती समाजाच्या सवयीतून आली होती. अमेरिकेत गृह-अर्थशास्त्राची चळवळ उभारणाऱ्या एलन स्वॅलो रिचर्ड्स या मुळात रसायनशास्त्रज्ञ होत्या, एमआयटीत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री. रसायनाच्या विभागांत स्त्रियांना जागा मिळेना, तेव्हा घर हा विषय घेऊन त्यांनी प्रयोगशाळेची जागा मिळवली. ‘गृह’ हे नाव लागल्यामुळे आतले ‘विज्ञान’ लोकांना कमी दिसले, ही त्या नावाची किंमत.

पण उद्योगाने न विचारलेले प्रश्न पुढे आले ते याच दुय्यम समजल्या गेलेल्या घरातून. तयार कपड्यांची मापे हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेत टपालाने कपडे मागवण्याची पद्धत रुजली, तेव्हा न बसल्यामुळे परत येणाऱ्या कपड्यांचा खर्च डोईजड झाला. स्त्रियांची मापे अंदाजावर ठरत होती. बरेचदा एक छातीचे माप घेऊन उरलेले अंग प्रमाणाने गृहीत धरले जाई. मग तिथल्या कृषी खात्याच्या गृह-अर्थशास्त्र विभागाने १९३९-४० मध्ये सरकारी खर्चाने सुमारे पंधरा हजार स्त्रियांची, प्रत्येकीची ५९, मापे घेतली. रूथ ओब्रायन यांनी हे काम पाहिले आणि १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्येक कारखान्याला या आकड्यांची गरज होती, पण एकट्याने खर्च करून ते प्रतिस्पर्ध्याला फुकट द्यायला कोण तयार होणार? अशा ठिकाणीच सार्वजनिक पैसा लागतो. या पाहणीत एक मोठे वैगुण्यही होते: गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे हिशेबातून वगळली गेली. ज्यांना मोजले नाही त्यांना ते माप बसले नाही, हा धडा त्या वैगुण्यानेच दिला.

भारताला हा धडा उशिरा लागू झाला, कारण आपली नेसण्याची परंपराच मुख्यतः न शिवलेल्या कापडाची. नऊवारी, पाचवारी, धोतर, उपरणे यांना माप लागत नाही. निऱ्या कमी-जास्त केल्या की तेच वस्त्र आजीला येते आणि नातीलाही येते. अशा वस्त्रांत सगळे कापड म्हणजे एका अर्थी मायाच. चोळीला खण घेऊन शिंप्याकडे जायचे, तो अंगावर माप घेऊन शिवायचा. प्रश्न उभा राहिला तो दुकानातल्या एस, एम, एल या अक्षरांनी. ही अक्षरे आपण परदेशी तक्त्यांवरून उचलली, म्हणून खांद्यात बसणारा कुडता कमरेत अडतो आणि एका दुकानातला मध्यम दुसऱ्या दुकानात मोठा होतो. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत, म्हणजे निफ्टमार्फत, ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला तो यासाठी. मुंबईसह सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार लोकांची त्रिमितीय स्कॅनरने मापे घेण्याची ती योजना होती. काम मोलाचे आहे, पण शहरात स्कॅनरपुढे उभी राहणारी व्यक्ती म्हणजे सगळा देश नाही. नंदुरबारच्या शाळकरी मुलीचा गणवेश, शेतात वाकून काम करणाऱ्या बाईचा ब्लाउज, व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्याची पँट, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर घालायचे कपडे, यांची मापे घेणारी बाजारपेठ छोटी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये असलेल्या राज्य विद्यापीठाला हे काम टेप आणि वही घेऊन करता येईल.

दुसरे उदाहरण रंगाचे. सुती कापडाला आज सर्वांत जास्त वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले. ते तंतूशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून धुण्यात टिकतात. पण रंग तंतूकडे ढकलायला मीठ भरपूर लागते आणि न चिकटलेला रंग धुऊन काढायला पाणीही भरपूर लागते. मीठ गाळून निघत नाही. ते पाण्याबरोबर पुढे जाते. तामिळनाडूत तिरुपूरच्या रंगकारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत गेले, खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी क्षारांनी नासल्या, आणि वर्षानुवर्षांच्या खटल्यानंतर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगकारखाने बंद करण्याचा आदेश दिला. टी-शर्टचा पक्का रंग आणि शेतातली नापीक माती यांना जोडणारे रसायन एकच आहे, पण दोन्ही टोके एकत्र पाहण्याचे काम कारखान्याच्या पगारावर असलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. त्वचेजवळ काही ॲझो रंगांपासून कर्करोगाला कारण ठरू शकणारी अमाइन्स सुटतात, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात जर्मनीने त्यांवर बंदी घातली आणि १९९७ मध्ये भारतानेही अशा रंगांना मनाई केली. निर्यात अडली तेव्हा आपण धावलो. कापड तेच, रंग तेच, अंगही माणसाचेच, पण आपला स्वतःचा ग्राहक ही बंदीसाठी पुरेशी निकड ठरला नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो पालकांच्या मनातला असल्यामुळे हलका मानू नये. हे सगळे खरे असेल, पण मुलांना नोकरी हवी आहे. अभ्यासक्रम उद्योगाला विचारूनच ठरवावा. उद्योगाला विचारावे, यात शंका नाही. ज्या विद्यार्थ्याने चालू माग पाहिला नाही त्याची पदवी कोरडीच राहते. पण उद्योगाचे आजचे माप हेच कायमचे माप धरले तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मागे न घेताच विरला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावात मॉल व मनोरे उभे राहिले. एका खात्यात एकच काम शिकलेल्या माणसाच्या कौशल्याला गिऱ्हाईकच उरले नाही. यंत्रमाग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत वाढले, होजिअरी तिरुपुरात एकवटली, धोट्याच्या मागांच्या जागी हवेच्या झोताने बाणा फेकणारे माग आले. या उलथापालथीत टिकले ते मूलभूत ज्ञान: तंतू ताण कसा सोसतो, रंग कशाला धरतो, कापड श्वास कसा घेते. गिरणीसाठी घडलेल्या संस्थांपैकी ज्यांनी हे मूळ धरून ठेवले त्या गिरण्या गेल्यावरही उभ्या आहेत. माटुंग्याला १९२४ मध्ये सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आजही कापसावर काम करते.

मायेचा उपयोग किती अचानक होतो, याचा अलीकडचा पुरावा २०२० चा. करोनाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या संरक्षक पोशाखांचे आपल्याकडे मोठे उत्पादन नव्हते. दोनेक महिन्यांत ते दिवसाला लाखांच्या घरात गेले. यात अडचण कापडाइतकीच शिवणीची होती. कापडातून द्रव झिरपत नसला तरी सुईने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून तो आत जाऊ शकतो, म्हणून टिपेवर उष्णतेने पट्टी चिकटवून ती बंद करावी लागते. कृत्रिम रक्ताचा दाब देऊन हे तपासण्याची सोय तेव्हा कोइमतूरच्या दक्षिण भारत वस्त्रोद्योग संशोधन संघटनेकडे, ‘सिट्रा’कडे होती. ती संस्था विद्यापीठ नाही. उद्योगाच्या सहभागाने आणि सरकारी साहाय्याने चालणारी आहे. पण तत्त्व तेच. ज्या चाचणीला आदल्या वर्षी फारसे गिऱ्हाईक नव्हते, ती करण्याचे ज्ञान कुणीतरी सांभाळून ठेवले होते म्हणून ते वेळेला कामी आले.

दुसरा आक्षेप असा की या कामासाठी वेगळ्या संस्था आहेतच. शिवण शिकायला आयटीआय आहे, फॅशनसाठी १९८६ पासून निफ्ट आहे, डिझाइनसाठी १९६१ पासून अहमदाबादची राष्ट्रीय संस्था आहे. मग विद्यापीठाने त्यात का पडावे? या संस्था आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण निफ्टसारख्या संस्थेचे शुल्क राज्य विद्यापीठाच्या शुल्काच्या कित्येक पट आहे आणि जागा मोजक्या. यंत्रमागाच्या गावातली मुलगी, जिच्या घरात तीन पिढ्यांपासून सूत येते, तिला परवडेल आणि एसटीने पोहोचता येईल असे ठिकाण हवे. शिवाय विशेष संस्थेला शेजारी नसतात. सर्वसाधारण विद्यापीठात कापडाच्या विभागाशेजारी रसायन, अर्थशास्त्र, इतिहास, कायदा हे विभाग असतात, निदान असावेत. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून तयार कपडे शिवणारे अकराशेहून अधिक लोक मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले. परिधान-निर्मितीचा विद्यार्थी एक शर्ट शिवायला किती मिनिटे लागावीत याचा हिशेब शिकतो. ती मिनिटे कमी कशी करायची हे कारखाना त्याला शिकवेलच. ती एका मर्यादेपलीकडे कमी केली की भिंतीचा तडा दिसूनही काम का चालू राहते, हे समजायला अर्थशास्त्राचा आणि कामगार कायद्याचा वर्ग शेजारी लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. येवल्याच्या पैठणी विणकराने, विदर्भातल्या करवतकाठी विणणाऱ्याने कोणती पदवी घेतली? हात शिकवतो, वर्ग नाही. हे मान्यच करावे लागेल. पैठणीच्या पदरावरचा मोर विणताना रंगागणिक वेगळी छोटी कांडी आडवी फिरवतात आणि रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत गुंतवतात. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. हे बोटांचे ज्ञान पाठ्यपुस्तकात उतरवता येत नाही, आणि विद्यापीठाने तसा आव आणू नये. पण जॅकार्ड लावलेल्या यंत्रमागावरची नक्कल अस्सल म्हणून विकली जाते, तेव्हा विणकराच्या बाजूने पुरावा लागतो. नक्कल उलटी केली की मागे मोकळे, तरंगणारे किंवा कातरलेले धागे दिसतात. रेशीम खरे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली आणि जळण्याच्या वासावरून कळते. जरीत धातू कोणता हे प्रयोगशाळा सांगते. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला. आधी त्यात २२ वाण होते, पुढे ११ उरले. एखादे कापड हातमागाचे की यंत्रमागाचे, हा प्रश्न या कायद्यासमोर येतो तेव्हा उत्तर देणारा माणूस दोन्ही मागांना ओळखणारा आणि कोणाचाही पगारी नसलेला असावा लागतो. विद्यापीठाने विणकराचा गुरू होऊ नये. त्याचा साक्षीदार व्हावे.

चौथा आक्षेप आपल्याच बाजूने येतो आणि तो खराही आहे. अनेक सार्वजनिक संस्थांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, यंत्रे जुनी होतात, अभ्यासक्रमात भरतकामाचे टाके आणि वह्या सजवणे यांतच सत्र संपते. अशा विभागातून कोणती माया मिळणार? हे दुखणे गंभीर आहे, पण ते विभाग चालवण्याच्या रीतीचे आहे, विषयाच्या योग्यतेचे नाही, आणि त्यावरचा इलाज नेहमीच कोट्यवधींचा नसतो. अचूक तराजू, सूक्ष्मदर्शक, पीळ मोजण्याचे साधन, घर्षण-चाचणीचे यंत्र, धुण्यातला रंग तपासायची १ ते ५ अशी राखाडी मोजपट्टी आणि आर्द्रता राखलेली एक खोली एवढ्यावर पुष्कळ खरे काम होते. शासन शाळांचे गणवेश, रुग्णालयांच्या चादरी, पोलिसांचे कापड दरवर्षी विकत घेते. ते निविदेतल्या वजनाचे आणि नंबरचे आहे का, रंग टिकतो का, हे जवळच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासले तर विद्यार्थ्यांना खरे काम मिळेल, विभागाला उत्पन्न मिळेल आणि सातवीतल्या पोराची चड्डी दोन महिन्यांत विरणार नाही.

शिवाय जे प्रश्न पुढे येत आहेत ते कुठल्याच एका खात्याचे नाहीत. मार्क ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की एका कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून जास्त तंतू सुटू शकतात, आणि समुद्रकिनाऱ्यांच्या गाळात असे कृत्रिम तंतू सापडतात. हा प्रश्न सुताचा, विणीचा, धुलाई यंत्राचा आणि सांडपाण्याचा एकाच वेळी आहे. जुन्या कपड्यांचेही तसेच. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढतात, पण आपण सर्रास वापरतो ते पॉलिएस्टर आणि कापूस यांचे मिश्रण वेगळे करणे अवघड असते. इस्त्री लागू नये म्हणून केलेली ही सोय कपडा टाकून देताना आडवी येते. कपडा बेततानाच तो उसवायचा कसा याचा विचार करणारा माणूस हवा, आणि त्याला तंतूचे रसायनही कळायला हवे. बडोद्यासारख्या विद्यापीठात ही दोन ज्ञाने आजही दोन शाखांत आहेत; मधली भिंत पाडायला नवी इमारत लागत नाही, एकत्र घेतलेले चार अभ्यासक्रम पुरतात.

म्हणून या शाखेचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी रॅम्पवरच्या छायाचित्रांपेक्षा काही साध्या गोष्टी पाहाव्यात. प्रयोगशाळेतली यंत्रे झाकून ठेवलेली आहेत की वापरात आहेत? रसायन आणि संख्याशास्त्र अभ्यासक्रमात आहे का? विद्यार्थी सूतगिरणीत, मागावर आणि शिवणकारखान्यात किती दिवस जातात? शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात कोणाची तरी खरी अडचण घेतलेली असते का? या प्रश्नांची उत्तरे चांगली आली, तर पहिली नोकरी कदाचित एखाद्या निर्यातदाराच्या गुणवत्ता विभागात, शिवणीचे टाके मोजण्याची मिळेल. त्यात वावगे काही नाही. दहा वर्षांनी ते काम कॅमेरा करू लागला, तर त्या माणसाला टीप उसवून पुन्हा मारता आली पाहिजे. तेवढे कापड कडेला राखलेले असावे, इतकीच या शिक्षणाकडून मागणी आहे, आणि ते राखण्याचा खर्च ज्याला परवडतो ते घर सध्या तरी सार्वजनिक विद्यापीठच आहे.